प्यायला एक, भरायचं कोणी?

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

१९८४ सालची गोष्ट आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी वकिली करत होतो. बडे अशील माझ्याकडे फिरकत नसत. पण एका विमा कंपनीनं मला आपल्या वकिलांच्या यादीत घेतलं होतं आणि त्यावर घर चालत होतं. मोटार अपघाताचे दावे असत. कंपनीच्या वतीनं कैफियत द्यायची, अर्जदाराचा उलटतपास घ्यायचा आणि शक्य तितकी रक्कम वाचवायची, हे माझं काम.

त्यातलंच एक प्रकरण. एक गवंडी संध्याकाळी काम आटोपून सायकलवरून गावाकडे निघाला होता. मागून आलेल्या मालट्रकनं त्याला उडवलं. जागीच गेला. ट्रकचालक प्यायलेला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तसं टिपण लिहून ठेवलं होतं. तोंडाला वास, पाय लटपटत, बोलणं अडखळत. गवंड्याच्या बायकोनं दोन मुलांच्या आणि सासूच्या वतीनं भरपाईचा अर्ज केला.

डॉक्टरांचं ते टिपण हाती आल्यावर मला मोठा ऐवज सापडल्यासारखं वाटलं. मी कैफियतीत लिहिलं, चालकानं मद्यप्राशन करून विम्याच्या अटींचा भंग केला आहे, सबब कंपनी काही देणं लागत नाही. भाषा झोकदार होती. मी ती दोनदा वाचून पाहिली.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात त्या बाई मुलाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझी कैफियत त्यांच्या वकिलानं त्यांना समजावून सांगितली असावी. मी जवळून जाताना म्हणाल्या, "वकीलसाहेब, दारू त्यो प्याला. मग माझ्या पोरांनी उपाशी का ऱ्हायचं?"

मी काही बोललो नाही. सुट्टीनंतर सुनावणी सुरू झाली तेव्हा न्यायाधीशांनी चष्मा वर केला आणि मला म्हणाले, "कलम ९६ उघडा आणि विमा कंपनीला कोणत्या सबबी सांगता येतात त्याची यादी वाचा. त्यात दारू कुठं दिसते का बघा." मी वाचली. परमिट नसताना भाड्यानं वापर, शर्यत, परवाना नसलेला चालक, युद्ध, दंगल, खोटी माहिती देऊन काढलेला विमा. दारू नव्हती.

ती का नव्हती, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात राहिला. त्याचं उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला, तोच आज सांगायचा आहे.

तो सुरू होतो घोडागाडीपासून. १८०८ साली इंग्लंडमध्ये एका नवरा-बायकोच्या प्रवासी घोडागाडीचा अपघात झाला. गाडी उलटली, नवऱ्याला खरचटलं, बायको गंभीर जखमी झाली आणि महिन्याभरानं वारली. नवऱ्यानं गाडीच्या मालकांवर दावा लावला. न्यायमूर्ती लॉर्ड एलेनबरो यांनी ज्यूरींना समजावलं की बायको जिवंत होती त्या महिन्यात तिच्या सहवासाला आणि मदतीला नवरा मुकला, तेवढ्यापुरती भरपाई देता येईल. ती मेल्यानंतरचं काही मागता येणार नाही, कारण माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात तक्रार करण्याजोगी हानी नव्हे. ज्यूरींनी १०० पौंड दिले. म्हणजे एका महिन्याच्या दुखण्याला १०० पौंड, आणि मरणाला शून्य. याचा सरळ अर्थ असा की माणसाला अपंग करण्यापेक्षा मारून टाकणं गाडीवाल्याला स्वस्त पडत होतं. इंग्लंडच्या कायद्यात ही स्थिती पुढं जवळजवळ चाळीस वर्षं टिकली.

मेलेल्याच्या नावानं काहीच वसूल होत नव्हतं असं मात्र नाही. तिकडे 'डिओडँड' नावाची एक जुनी चाल होती. ज्या वस्तूमुळे माणूस मेला ती वस्तू, किंवा तिची किंमत, राजाकडे जमा व्हायची. बैलानं मारलं तर बैल, चाकाखाली गेला तर चाक. रेल्वे आली तेव्हा पंचाईत झाली. १८४१ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी सॉनिंग इथं गाडी दरडीवर आदळून मजूर मेले, तेव्हा ज्यूरींनी इंजिन आणि डब्यांवर १,००० पौंडांचा डिओडँड बसवला. तो काही त्या मजुरांच्या घरी जाणारा पैसा नव्हता. पण रेल्वे कंपन्या हादरल्या. अखेर १८४६ साली पार्लमेंटनं एकाच वर्षी दोन कायदे केले. एकानं डिओडँड काढून टाकला आणि दुसऱ्यानं, म्हणजे लॉर्ड कॅम्पबेल यांच्या कायद्यानं, मृताच्या कुटुंबाला भरपाई मागण्याचा हक्क दिला.

आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली. त्यानंतर दोनच वर्षांत, १८५५ साली, लॉर्ड कॅम्पबेलच्या कायद्याची हिंदुस्थानी आवृत्ती निघाली. तो १८५५चा तेरावा कायदा, 'फेटल अ‍ॅक्सिडेंट्स अ‍ॅक्ट'. चार-पाच कलमांचा लहानसा कायदा. नवरा, बायको, आई-बाप, मुलं यांना भरपाई मागता येईल असं त्यात म्हटलं आहे. भाऊ-बहिणींचं नाव नाही. एकत्र कुटुंबाच्या या देशात थोरल्या भावाच्या कमाईवर किती पाठची भावंडं शिकतात, हे लंडनहून आणलेल्या मसुद्याला कुठून कळणार! गवंड्याच्या विधवेचा हक्क मुळात आला तो इथून. तिचा नवरा ट्रकखाली गेला, पण तिच्या हक्काची वाट आगगाडीच्या रुळांवरून आलेली होती.

मोटार आली आणि हिशेब बिघडला. रेल्वे कंपनीकडे पैसा असे. तिच्यावर हुकूमनामा झाला तर वसूल होई. मोटार कोणाकडेही असू शकते. चालक बहुधा गरीब, मालक कर्जबाजारी. चार वर्षं दिवाणी दावा लढून विधवेच्या हाती जो हुकूमनामा येई, तो नुसता कागद असे. दरखास्त लावायची कोणाच्या मिळकतीवर? ट्रक आधीच सावकाराकडे गहाण. १९१४ साली सबंध हिंदुस्थानासाठी पहिला मोटार कायदा झाला, पण त्यात गाड्यांची नोंदणी आणि चालकांचे परवाने यांचाच प्रपंच होता. इंग्लंडमध्ये १९३० साली त्यावर एक तोड निघाली. ज्याला गाडी रस्त्यावर आणायची आहे त्यानं रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी विमा उतरवलाच पाहिजे. आपण ज्याला बोलीत थर्ड पार्टी म्हणतो तो हा विमा. आपल्याकडे १९३६-३७ साली नेमलेल्या समितीनं तीच शिफारस केली, १९३९च्या मोटार वाहन कायद्यात तिचं प्रकरण घातलं गेलं, पण कंपन्यांची तयारी व्हावी म्हणून आणि मध्ये महायुद्ध आलं म्हणून ते लागू व्हायला १ जुलै १९४६ उजाडला.

इथं जरा थांबून विचार करायला हवा, कारण माझ्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. घराचा विमा मी माझ्यासाठी उतरवतो. मी स्वतः घर पेटवलं तर कंपनी पैसे देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता मात्र भरतो गाडीचा मालक, आणि विमा असतो रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाचा. त्या माणसानं करारावर सही केलेली नाही, अटी वाचलेल्या नाहीत, अंगावर येणारी गाडी कोणत्या कंपनीकडे विमा काढलेली आहे हे त्याला ठाऊक नाही. मालक आणि कंपनी यांनी आपसात लिहून ठेवलेल्या अटीवर त्याची भरपाई बुडवायची म्हणजे दोघांच्या करारात तिसऱ्याचा बळी. हे इंग्रजांच्याही लक्षात आलं होतं. मालकाला चालकाच्या 'शारीरिक किंवा मानसिक स्थिती'ची अट घालणारा विमा विकून कंपन्या हात झटकतील, म्हणून १९३४ साली तिकडे स्पष्ट कायदा केला की असली अट तिऱ्हाइताविरुद्ध चालणार नाही. आपल्याकडे कलम ९६मध्ये उलट्या बाजूनं तेच साधलं. कंपनीला चालतील तेवढ्याच सबबींची यादी दिली आणि तिच्याबाहेरची सबब बंद केली. दारू यादीत नव्हती ती विसरल्यामुळे नव्हे. चालक चुकतो, बेफिकीर असतो, कधी प्यायलेला असतो, हे गृहीत धरूनच तर विमा सक्तीचा केला होता.

विमा आला तरी दिवाणी कोर्टाची दिरंगाई आणि कोर्ट फी होतीच. भरपाई जितकी जास्त मागाल तितका मुद्रांक जास्त, म्हणजे ज्याचं नुकसान मोठं त्यालाच दार अरुंद. १९५६च्या दुरुस्तीनं खास न्यायाधिकरणं काढायची सोय केली. जिल्हा न्यायालयातलेच न्यायाधीश तिथं बसत, पण रीत सोपी आणि फी नाममात्र असावी अशी कल्पना होती. कल्पना आणि व्यवहार यांत आपल्याकडे नेहमीच एक ओढा असतो. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयापुढं हरयाणाचं एक प्रकरण गेलं. बस अपघातात नवरा गमावलेल्या बाईकडून कोर्ट फी घ्यायचीच म्हणून राज्य सरकार थेट दिल्लीपर्यंत भांडत आलं होतं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारची चांगलीच हजेरी घेतली.

१९८१चा एक निकाल मला या सगळ्या इतिहासात फार महत्त्वाचा वाटतो. निकाल देणारे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड पुण्यात जन्मलेले. गुजरातमध्ये १९६६ साली ट्रक आणि मोटार यांची धडक झाली होती आणि एकाहून अधिक माणसांना तिचा फटका बसला होता. तेव्हाच्या कायद्यात ट्रकसाठी विमा कंपनीची जबाबदारी 'कोणत्याही एका अपघातात' २०,००० रुपयांपर्यंत असं लिहिलेलं होतं. कंपनी म्हणाली, धडक एक, म्हणून अपघात एक, म्हणून सगळ्यांमध्ये मिळून वीस हजार. ऐकायला तर्क बिनतोड वाटतो. चंद्रचूड यांनी विचारलं की अपघात कोणाच्या नजरेनं मोजायचा? ट्रकच्या नजरेनं पाहाल तर एक. ज्याचा पाय तुटला त्याच्या नजरेनं त्याला एक अपघात झाला, आणि ज्याचा बाप गेला त्याच्या बापाला दुसरा. तेव्हा प्रत्येक माणसासाठी मर्यादा वेगळी धरायची. कायद्याचा एक शब्दही बदलला नाही, फक्त पाहणारा रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जाऊन उभा राहिला.

पुढच्याच वर्षी, १९८२ साली, संसदेनं आणखी एक पाऊल टाकलं. चूक कोणाची हे ठरण्याआधीच मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये द्यायचे. धडक देऊन गाडी पळून गेली तर सरकारी निधीतून ५,००० रुपये. रकमा किरकोळ होत्या, पण तेरावं होण्याआधी हाती काही पडावं हा विचार त्यात होता. माझ्या प्रकरणातल्या बाईंना ते पंधरा हजार आधी मिळाले होते. मी त्यालाही हरकत घेतली होती, हे इथं सांगून टाकतो.

आता दारूकडे वळतो. आपल्या राज्याची गंमत अशी की रस्त्यावरच्या दारूचा प्रश्न आपण बरीच वर्षं मोटार कायद्यातून पाहिलाच नाही, दारूबंदीच्या कायद्यातून पाहिला. १९३९च्या मोटार कायद्यात नशेत गाडी चालवण्याचा गुन्हा होता, पण तो सिद्ध करायचा तर चालकाला गाडीवर ताबा ठेवता येत नव्हता इतकी नशा होती, हे दाखवावं लागे. त्यापेक्षा १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा पोलिसांना सोयीचा. इथं प्यायला की गुन्हा, मग तो गाडीवर असो की खाटेवर. त्यावर आरोपीचं ठरलेलं उत्तर असे, "साहेब, औषध घेतलं होतं." आसवं, अरिष्टं आणि टॉनिकं यांना त्या काळात जे भाग्य लाभलं ते पुन्हा लाभलं नाही. म्हणून कायद्यात दुरुस्ती झाली. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त मद्यार्क सापडला तर ते औषधातलंच होतं हे आरोपीनं सिद्ध करायचं.

रक्त तपासायचं म्हटल्यावर रक्ताची बाटली आली, आणि बाटलीबरोबर तिची राखण आली. १९६३ साली महाराष्ट्रातला एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. गाडीचा अपघात, चालक प्यायलेला असल्याचा आरोप. वाद कशावर, तर रक्त काढल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ती बाटली कोणाच्या ताब्यात होती आणि तिचं सील शाबूत होतं का, यावर. त्यासाठी नव्यानं खटला चालवण्याचा हुकूम न्यायालयानं रद्द केला, मात्र या मुद्द्यावर जादा पुरावा घ्यायला मोकळीक दिली. १९७१ साली दुसरा निकाल आला, आणि तो आम्हा वकिलांना तोंडपाठ झाला. तोंडाला दारूचा वास, लटपटती चाल, अडखळतं बोलणं, विस्फारलेल्या बाहुल्या, एवढ्यावरून दारू प्यायल्याचा गुन्हा सिद्ध होत नाही. रक्त तपासायला हवं होतं.

माझ्या प्रकरणातलं डॉक्टरांचं टिपण आठवा. त्यात नेमक्या याच गोष्टी लिहिल्या होत्या. म्हणजे जो कागद फौजदारी कोर्टात ट्रकचालकाला तुरुंगात धाडायला पुरेसा नव्हता, त्याच कागदावर मी त्या विधवेचा पैसा अडवायला निघालो होतो.

१९८८चा नवा मोटार कायदा १ जुलै १९८९पासून लागू झाला. त्याच्या कलम १८५नं सुरुवातीला कडक पवित्रा घेतला होता. रक्तात दारू कितीही थोडी सापडली तरी गुन्हा. १९९४च्या दुरुस्तीनं तिथं आकडा बसवला, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. सोबत फुंकर मारायच्या यंत्राचा उल्लेखही त्या कलमात आला. इंग्लंडमध्ये हे यंत्र १९६७पासून रस्त्यावर आहे, पण त्यांची मर्यादा ८० मिलिग्रॅम. आपला आकडा त्यांच्या निम्म्याहूनही कमी. कागदावर आपण पुष्कळ पुढं होतो. मुंबईच्या पोलिसांनी रात्रीच्या नाकाबंदीत यंत्र घेऊन चालकांना नेमानं फुंकायला लावलं ते मात्र २००७पासून.

त्याआधी काही महिने, १२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे, वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली होती. रस्त्याच्याच कामावरचे मजूर ते. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क सापडला, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या पावणेचारपट. खालच्या न्यायालयानं हलगर्जीपणाचा गुन्हा धरून सहा महिन्यांची कैद आणि पाच लाख रुपये दंड केला. हलगर्जीनं मृत्यू घडवण्याच्या त्या कलमाला, ३०४-अला, जास्तीत जास्त शिक्षाच दोन वर्षांची होती. लोक खवळले. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून प्रकरण हाती घेतलं आणि सदोष मनुष्यवधाचं कलम लावून तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१२मध्ये ती कायम केली. दारू पिऊन वेगानं गाडी हाकणाऱ्याला आपल्या हातून माणूस मरू शकतो याची जाण असते असं धरता येईल, हा त्यातला मुद्दा. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हलगर्जीच्या मृत्यूची कमाल शिक्षा पाच वर्षं आहे.

वर्तमानपत्रं या बाजूबद्दल भरभरून लिहितात. शिक्षा किती, जामीन कसा, वडील कोण. मे २०२४मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्श मोटारीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. मला १९६३ची ती बाटली आठवली. पण मेलेल्याच्या घरी महिन्याला किती पैसे येत होते आणि आता कुठून येणार, हा प्रश्न दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, बाकावर बसलेल्या माणसांपुढं चालू असतो. तिथं छायाचित्रकार जात नाहीत.

तिथं होणारा हिशेब एकदा ऐका. समजा, तीस वर्षांचा रंगारी. महिन्याला १०,००० कमावतो. घरी बायको, दोन मुलं आणि आई. २०१७च्या पाच न्यायमूर्तींच्या निकालाप्रमाणे पुढं कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के मिळवायचे, झाले १४,०००. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, राहिले १०,५००. वर्षाचे १,२६,०००. मग २००९च्या सरला वर्मा निकालातल्या कोष्टकात त्याच्या वयापुढं १७ हा गुणक लिहिलेला आहे. २१,४२,००० रुपये. वर अंत्यविधी वगैरेच्या ठरीव रकमा. हे गणित शाळकरी मुलगा करील, पण ते इतकं सरळ व्हायला आपल्याला दीडशेहून अधिक वर्षं लागली. माझ्या काळी एकाच वयाच्या दोन मजुरांना दोन जिल्ह्यांत दुप्पट फरकानं रकमा मिळत. अजूनही दहा हजारांची कमाई सिद्ध करताना रंगाऱ्याच्या बायकोची दमछाक होते. रंगारी पावत्या ठेवत नाही. आणि ती स्वतःच गेली तर? कायद्याच्या जुन्या परिशिष्टात घरात राबणाऱ्या बाईची कमाई नवऱ्याच्या एक तृतीयांश धरलेली होती. बाईच्या घरकामाकडे असं पाहू नका, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१० साली निकालात बजावावं लागलं.

आता माझ्या मूळ प्रश्नाचं पुढं काय झालं ते सांगतो. कंपन्या माझ्यासारख्या वकिलांकरवी तीच हरकत घेत राहिल्या. मधल्या काळात न्यायालयांनी एक रीत रुळवली, आधी द्या आणि मग वसूल करा. २००४च्या स्वर्णसिंग निकालात, चालकाकडं योग्य परवाना नसण्याच्या संदर्भात, ती सविस्तर मांडली गेली. अर्जदाराला कंपनीनं पैसे द्यायचे, आणि मालकानं खरोखरच अटी मोडल्या असतील तर त्याच्याकडून ते काढायचे. दारूच्या प्रकरणांतही न्यायालयं हीच वाट धरतात. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ साली एका निकालात, चालक प्यायलेला असला तरी जखमी माणसाला कंपनीनं आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती वसूल करावी असं सांगितलं. तो निकाल आधीच्या कायद्याखालचा होता.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ही वेगळी गोष्ट. डिसेंबर २००७मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एका कंपनीची पोर्श मोटार आदळून जळाली. विमा कंपनीनं चालकाच्या दारूवर बोट ठेवून पैसे नाकारले, आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं. फुंकर-चाचणी झालेली नव्हती तरीही. यात मला काही विसंगत दिसत नाही. तिथं भरपाई मागणारा गाडीचा मालक होता, रस्त्यावरचा परका माणूस नव्हता.

काळजी वाटते ती वेगळ्याच ठिकाणी. २०१९ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यात चांगलं पुष्कळ आहे. दारू पिऊन चालवण्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० होता तो १०,००० झाला. पळून गेलेल्या गाडीच्या प्रकरणात मृत्यूला २५,००० मिळत, १ एप्रिल २०२२पासून दोन लाख मिळतात. पण विमा कंपन्यांच्या सबबींच्या यादीत, म्हणजे आता कलम १५०मध्ये, कलम १८५च्या दारूचा उल्लेख प्रथमच शिरला आहे. वाक्य असं गुंतागुंतीचं आहे की तो परवाना रद्द झालेल्यांपुरता आहे की सगळ्यांसाठी, यावर वकील मंडळी पोट भरतील. शिवाय दाव्याला सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली. १९९४ साली ती काढून टाकली होती, कारण घरचा कर्ता गेलेलं कुटुंब सहा महिन्यांत डोकंसुद्धा वर काढत नाही. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे.

त्या गवंड्याच्या प्रकरणात माझी हरकत एका ओळीत फेटाळली गेली. आधीचे पंधरा हजार धरून ४४,००० रुपये मंजूर झाले. मुलांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवायचा, व्याज दर तिमाहीला आईनं उचलायचं, असा हुकूम होता. कंपनीनं अपील केलं नाही. ट्रकमालकाकडून वसूल करण्याचा विचारही कोणी केला नाही.

धनादेशाच्या दिवशी त्या बाई पुन्हा व्हरांड्यात भेटल्या. ट्रकवाल्याचं काय झालं म्हणून विचारलं. फौजदारी खटल्यात दारूचा आरोप टिकला नव्हता, कारण रक्त कोणी तपासलंच नव्हतं. हलगर्जीबद्दल तीन महिने झाले होते आणि तो अपिलात जामिनावर होता. मी तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पदराला बांधलेला बँकेचा कागद सोडून माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "साहेब, ह्ये व्याज कंच्या खिडकीवर मिळतं?"

मी त्यांच्याबरोबर बँकेपर्यंत चालत गेलो.